पहिल्या आयफोनमध्ये काय होतं, काय नव्हतं आणि का नव्हतं

प्रश्न असा आहे: २००७ चा पहिला आयफोन कागदावर त्या काळच्या चांगल्या स्मार्टफोनपेक्षा मागे होता. थ्रीजी नाही, जीपीएस नाही, व्हिडिओ रेकॉर्डिंग नाही, साधं कॉपी-पेस्टही नाही. मग त्याचं एवढं नाव कशामुळे झालं? त्याच्या मर्यादा खरोखर तांत्रिक होत्या की कंपनीने मुद्दाम ठेवल्या होत्या? आणि आज असा एखादा फोन हाती आला, तर त्याचा काही उपयोग होईल का?

टच स्क्रीनवर चालणारं सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा व्यवसाय आहे आणि त्या पिढीच्या फोनवर मी भरपूर काम केलं आहे. या प्रश्नाला सहसा दोन टोकांची उत्तरं मिळतात. एका बाजूचे लोक ‘काय काय नव्हतं’ याची यादी वाचून दाखवतात, दुसऱ्या बाजूचे ‘क्रांती’ म्हणून मोकळे होतात. मला दोन्ही अपुरी वाटतात. त्या फोनची बलस्थानं आणि त्याच्या उणिवा बऱ्याच अंशी एकाच निर्णयातून आल्या होत्या. हाताशी असलेली थोडीशी ताकद सगळ्यात आधी बोटाला तत्काळ प्रतिसाद देण्यावर खर्च करायची आणि उरलं तर बाकीचं बघायचं, असा तो निर्णय होता. हे लक्षात ठेवलं की कुठली उणीव कुठून आली हे बरंचसं उलगडतं.

आधी ठोस माहिती. स्टीव्ह जॉब्स यांनी ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत हा फोन दाखवला आणि २९ जूनला तो अमेरिकेत विक्रीला आला. ४ जीबीचा ४९९ डॉलरला, ८ जीबीचा ५९९ डॉलरला, आणि वर एटीअँडटी या अमेरिकी मोबाइल कंपनीचा दोन वर्षांचा करार बंधनकारक. सप्टेंबरमध्येच ४ जीबीचं मॉडेल बंद झालं आणि ८ जीबीची किंमत ३९९ वर आली. साडेतीन इंची, ३२० बाय ४८० पिक्सेलचा काचेचा पडदा, ४१२ मेगाहर्ट्झवर चालणारा एआरएम प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, २ मेगापिक्सेलचा कॅमेरा. वजन १३५ ग्रॅम. मेमरी कार्डाला जागा नाही, बॅटरी काढता येत नाही, पुढच्या बाजूला कॅमेरा नाही.

याच्या शेजारी त्याच वर्षी आलेला नोकिया एन९५ ठेवा. ५ मेगापिक्सेलचा ऑटोफोकस कॅमेरा, व्यवस्थित व्हिडिओ रेकॉर्डिंग, जीपीएस, थ्रीजी, वायफाय, मेमरी कार्ड, आणि बाहेरची ॲप्स टाकण्याची मोकळीक. निव्वळ यादी लावली तर एन९५ सरस ठरतो, हे मान्यच करायला हवं. पण त्याचा पडदा २.६ इंचाचा होता आणि तो टच नव्हता. सगळा कारभार बटणांवर आणि एकात एक दडलेल्या मेनूंवर चालायचा. सोय फोनमध्ये असायची, पण तिथपर्यंत पोहोचायला इतकी बटणं दाबावी लागायची की बरेच लोक तिच्या वाटेला जायचेच नाहीत.

टच स्क्रीन ही आयफोनची नवलाई नव्हती, हेही सांगायला हवं. आयबीएमचा सायमन १९९४ मध्येच विक्रीला आला होता. टच स्क्रीन, ईमेल, फॅक्स, कॅलेंडर हे सगळं त्यात होतं, फक्त तो अर्धा किलोचा होता आणि बॅटरी बोलण्यात जेमतेम तासभर टिकायची. पुढे विंडोज मोबाइलवर चालणारे कितीतरी टच फोन आले. यातल्या बहुतेक फोनचा पडदा दाबावर चालणारा, म्हणजे रेझिस्टिव्ह होता. त्यात वरचा मऊ प्लॅस्टिकचा थर दाबाने खाली वाकतो आणि खालच्या थराला टेकतो, तेव्हा स्पर्श कळतो. टोकदार काडी, म्हणजे स्टायलस, वापरली तर हे उत्तम चालतं. बोटाने वापरलं की नखाचा आधार घ्यावा लागतो. आणि त्या काळच्या नेहमीच्या रेझिस्टिव्ह पडद्याला दोन बोटं वेगवेगळी ओळखता येत नाहीत. दोन ठिकाणी दाबलं तर तो मधलाच कुठला तरी बिंदू सांगतो.

आयफोनचा पडदा कपॅसिटिव्ह होता. काचेखाली पारदर्शक वाहक रेषांची जाळी असते. बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि जाळीच्या प्रत्येक छेदबिंदूवरचा हा बदल चिप सतत मोजत राहते. दाब द्यायची गरजच नाही, नुसतं टेकवलं की पुरे. अनेक बोटं एकाच वेळी वेगवेगळी ओळखता येतात. कपॅसिटिव्ह पडद्याचा एलजी प्राडा आयफोनच्या थोडा आधी बाजारात आला होता, पण तो एकाच बोटापुरता होता. अनेक बोटं ओळखायचं हे बहुस्पर्शाचं तंत्र ॲपलने काही अंशी बाहेरूनही आणलं. यात मुरलेली फिंगरवर्क्स ही छोटी कंपनी त्यांनी २००५ मध्ये विकत घेतली होती. या पडद्याला मर्यादाही होत्याच. साधे हातमोजे घातले की तो चालत नाही, पडद्यावर पाण्याचे थेंब पडले की गोंधळतो, आणि टोकदार काडीने बारीक लिहिणं त्यावर जमत नाही. हे पदार्थविज्ञानाचे हिशेब आहेत, त्यात कुणाचा हलगर्जीपणा नाही.

नुसता चांगला पडदा बसवून मात्र काही होत नाही, आणि माझ्या मते खरी कारागिरी इथून पुढे सुरू होते. बोट काचेवर टेकलं की जाळीला दिसतो तो एक लांबट, अस्पष्ट डाग. त्याचा मध्य काढला की झालं असं वाटेल, पण माणूस बोट तिरकं टेकवतो. आपण बोटाच्या टोकाने दाबतोय असं त्याला वाटत असतं, प्रत्यक्षात काचेला टेकलेला भाग टोकापेक्षा थोडा खाली असतो. म्हणून सॉफ्टवेअर तो बिंदू मुद्दाम थोडा वर सरकवून धरतं. पुढचा प्रश्न, हा टॅप आहे की स्क्रोलची सुरुवात? बोट कधीच पूर्ण स्थिर नसतं, एखाद-दोन पिक्सेल हलतंच. त्यामुळे ठरावीक अंतर ओलांडेपर्यंत तो टॅपच मानायचा. सरकणाऱ्या यादीत तर सेकंदाच्या साधारण सातव्या हिश्श्याइतकं थांबून, हलतंय का ते बघून, मगच खालच्या बटणाला कळवायचं. हा थांबा थोडा वाढला की फोन सुस्त वाटतो, थोडा कमी केला की यादी सरकवताना नको ते उघडतं. हे आकडे जुळवण्यात त्या टीमने किती वेळ घातला असेल, याची कल्पना हे काम स्वतः केल्याशिवाय येत नाही.

मग यादी सरकू लागली की ती बोटाला चिकटून सरकली पाहिजे. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी हाताशी १६ मिलिसेकंदांच्या आसपास वेळ असतो. तेवढ्यात चित्र तयार झालं नाही तर यादी अडखळते, आणि डोळ्याला ते लगेच कळतं. ४१२ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर हे साधायचं तर सगळं नव्याने रंगवणं परवडणारं नव्हतं. म्हणून एकदा रंगवलेले तुकडे ग्राफिक्स चिपकडे द्यायचे आणि तिने ते फक्त इकडून तिकडे सरकवायचे, अशी रचना होती. यादीत हजार नावं असली तरी पडद्यावर मावतील तेवढ्याच ओळी तयार करायच्या. वरून बाहेर गेलेली ओळ पुसून खालून नव्या नावासह परत आणायची. बोट उचललं तरी यादी आपल्या वेगाने पुढे जात हळूहळू थांबते, आणि शेवटाला पोचली की रबरासारखी ताणून मागे येते. हे दिसायला गोड म्हणून केलेलं नाही. यादी संपली आहे, फोन अडकलेला नाही, हे शब्दाविना सांगण्याची ती पद्धत आहे. तुम्ही विचारता त्या ‘नावा’चं कारण मला विचाराल तर ते इथे आहे. त्या काळच्या इतर फोनवर तुम्ही बोटाने आज्ञा द्यायचात आणि मग वाट बघायचात. इथे वस्तू बोटाखाली हलत होती.

कीबोर्डचंही तसंच. साडेतीन इंची पडदा उभा धरला की रुंदी दोन इंचांच्या आत. तेवढ्यात दहा अक्षरांची ओळ बसवायची म्हणजे प्रत्येक कळ बोटाच्या टोकाहून अरुंद. अशा कळांवर अचूक टंकणं शक्यच नाही. ॲपलचे इंजिनिअर केन कोसिएंडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर शोधलं ते शब्दकोशात. दिसायला सगळ्या कळा सारख्याच, पण आतून त्यांचं स्पर्शक्षेत्र प्रत्येक अक्षरागणिक बदलत असे. इंग्रजीत ‘टी’ आणि ‘एच’ लिहून झालं की पुढे ‘ई’ येण्याची शक्यता मोठी, त्याच्या बाजूच्या ‘डब्ल्यू’ची फारच कमी. मग ‘ई’चं अदृश्य क्षेत्र शेजाऱ्यांच्या हद्दीत थोडं पसरायचं. अक्षर बोटाखाली झाकलं जातं म्हणून ते वर फुग्यात दाखवायचं, आणि बोट उचलल्यावरच ते पक्कं करायचं, म्हणजे चुकीच्या कळेवर टेकलेलं बोट तसंच सरकवून सुधारता येतं. इतकं करूनही चूक झालीच तर पूर्ण शब्द दुरुस्त करायचा. याचा तोटाही उघड आहे. शब्दकोशात असलेल्या भाषेपुरतं हे छान चालतं. आडनावं, गावांची नावं, रोमन लिपीत लिहिलेली दुसरी भाषा आली की तीच मदत आडवी येते. आणि एकही उठावदार बटण नसल्याने न बघता टंकणं जमत नाही. ब्लॅकबेरीवर सराईतपणे लिहिणाऱ्यांची ही तक्रार रास्तच होती.

हे किती अवघड होतं याचा पुरावा बाजारातच मिळतो. पहिला अँड्रॉइड फोन, टी-मोबाइल जी१, ऑक्टोबर २००८ मध्ये आला, म्हणजे सव्वा वर्षानंतर. त्याला बाहेर सरकणारा खरा कीबोर्ड होता, कारण अँड्रॉइडमध्ये पडद्यावरचा कीबोर्ड तेव्हा नव्हताच. तो २००९ च्या १.५ आवृत्तीत आला. नोकियाचा ५८०० त्याच सुमारास रेझिस्टिव्ह पडद्यासह आला. ब्लॅकबेरी स्टॉर्मने अख्खा पडदाच बटणासारखा खाली दबेल अशी योजना केली. प्रत्येकाने वेगळी वाट धरून पाहिली, यावरूनच प्रश्न सोपा नव्हता हे कळतं.

तिसरं बलस्थान ब्राउझर. तोवर फोनवरचं इंटरनेट म्हणजे वॅपची, म्हणजे साध्या फोनसाठी वेगळी बनवलेली, काटछाट केलेली पानं, किंवा संगणकासाठीचं पान मोडूनतोडून एका उभ्या पट्टीत लावलेलं. आयफोनच्या सफारी या ब्राउझरने पूर्ण पान जसंच्या तसं आखलं. फोनची रुंदी ३२० पिक्सेल असली तरी पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून मांडणी करायची, मग ती छोटी करून दाखवायची, आणि वाचायचा मजकूर दोनदा टॅप करून पडद्याच्या रुंदीइतका मोठा करायचा. दोन बोटांनी चिमटीत धरून मोठं-लहान करणं इथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडलं. याची किंमतही होती. एकदा टॅप केल्यावर दुसरा टॅप येतोय का हे बघायला ब्राउझर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा थांबायचा. वेबसाइट बनवणाऱ्या आम्हा लोकांना या विलंबाने पुढे कितीतरी वर्षं छळलं. माउस नुसता वर नेला की उघडणारे मेनू इथे उघडेनात, कारण बोट एक तर टेकलेलं असतं, नाही तर नसतं. ‘नुसतं वर नेणं’ असं काही नसतंच. वेबवरच्या व्हिडिओसाठी तेव्हा सर्रास वापरलं जाणारं फ्लॅश हे तंत्र चालत नव्हतं, त्यामुळे अनेक पानांवर व्हिडिओच्या जागी रिकामा चौकोन दिसायचा. यूट्यूबसाठी वेगळं ॲप दिलं होतं, तेवढीच सोय. आणि लांबलचक पान झपाट्याने सरकवलं की खाली बुद्धिबळाच्या पटासारखे करडे-पांढरे चौकोन दिसायचे. यामागे तोच सुरुवातीचा निर्णय आहे. पान रंगवून होईपर्यंत बोटाला थांबवायचं नाही. आधी सरकू द्यायचं, मजकूर मागून भरायचा.

आता उणिवा. त्यांचे तीन प्रकार वेगळे ओळखले तरच चर्चेला अर्थ आहे. काही त्या काळच्या चिप आणि बॅटरीमुळे होत्या, काही सॉफ्टवेअर पुरं न झाल्यामुळे, आणि काही कंपनीने ठरवून ठेवलेल्या.

थ्रीजी नसणं हे पहिल्या प्रकारात बसतं. त्या वेळच्या थ्रीजी चिप बॅटरी खातात, असं ॲपलचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. त्या पिढीच्या थ्रीजी फोनची बॅटरी लवकर उतरायची. पण पर्याय म्हणून जे एज, म्हणजे टूजीवरचं डेटा नेटवर्क, वापरलं, ते या ब्राउझरच्या मानाने फारच तोकडं होतं. सेकंदाला १०० किलोबिटचा वेग मिळाला असं धरा. १ एमबीचं पान उतरायला ८० सेकंद लागणार. म्हणजे ज्या फोनवर पूर्ण वेब पहिल्यांदा नीट दिसलं, त्याच्यावर घराबाहेर ते वापरणं सहनशक्तीची परीक्षा होती. वायफाय असलं की फोन वेगळाच वाटायचा. त्यातून एजवर बोलणं आणि डेटा दोन्ही एकदम चालत नाही. कॉल चालू असताना नकाशा उघडायचा म्हटलं की अडलं. काही वेळा डेटा उतरत असताना आलेला कॉल थेट व्हॉइसमेलला जायचा. स्पीकरजवळ ठेवलेला फोन ‘टिर्र टिर्र’ आवाज करायचा तोही जीएसएम या टूजी तंत्राच्या तुटक लहरींमुळे. जीपीएस नव्हतं, जानेवारी २००८ च्या अपडेटने टॉवर आणि वायफायवरून ठिकाणाचा अंदाज द्यायला सुरुवात केली. शहरात तो बरा असायचा, बाहेर पडलं की वर्तुळ मोठं होत जायचं.

कॉपी-पेस्ट नसण्यावर सगळ्यात जास्त टीका झाली, आणि मला ते उदाहरण सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. संगणकावर मजकूर निवडायला माउस दाबून ओढतात. इथे बोट ओढलं की पान सरकतं, हे आधीच ठरलेलं. बोट दाबून धरलं की भिंग येतं आणि कर्सर हलवता येतो, तेही ठरलेलं. मग निवड करायची कशी? स्टायलस असता तर प्रश्नच आला नसता. उत्तर जून २००९ मध्ये, फोनच्या सॉफ्टवेअरच्या ३.० आवृत्तीत आलं: शब्दावर दोनदा टॅप, दोन्ही टोकांना ओढता येणारे ठिपके, वर छोटी काळी पट्टी, आणि चुकलं तर फोन हलवून मागे जाणं. आज जवळपास प्रत्येक टच फोनवर मजकूर निवडायची पद्धत याच धाटणीची आहे. अर्धवट काही देऊन लोकांना चुकीची सवय लावण्यापेक्षा थांबणं बरोबर होतं, असं माझं मत आहे. पण दोन वर्षं हा काळ वापरणाऱ्यासाठी फार मोठा होता. पत्ता किंवा फोन नंबर एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायला तो कागदावर लिहून घ्यावा लागे, याचं समर्थन करता येत नाही.

ईमेल लिहिताना आडवा कीबोर्ड, एसएमएस पुढे पाठवणं, पूर्ण फोनभर शोध, आवाज रेकॉर्ड करणं, हेही सगळं ३.० मध्येच आलं. यांना कुठलंही खोल कारण नव्हतं. वेळ कमी पडला, एवढंच. जानेवारीत फोन दाखवला तेव्हा सॉफ्टवेअर कच्चं होतं. जानेवारी ते जून या काळात बोलण्याच्या वेळेचा दावा ५ तासांवरून ८ वर गेला आणि प्लॅस्टिकच्या पडद्याऐवजी काच आली, यावरून शेवटच्या महिन्यांत किती काही बदलत होतं ते दिसतं.

बाहेरची ॲप्स नव्हती, ही बाब मात्र मिश्र आहे. जून २००७ मध्ये जॉब्स यांनी डेव्हलपरना सांगितलं की वेब ॲप्स बनवा. आमच्यापैकी कुणालाच ते पटलं नाही, कारण कॅमेरा, संपर्क, हालचाल मोजणारा सेन्सर यांतल्या कशालाच वेब पानाचा हात पोहोचत नव्हता. यात कंपनीचा आपलं नियंत्रण न सोडण्याचा स्वभाव होताच. पण दुसरी बाजूही आहे. पहिल्या आवृत्तीत फोनवरचे महत्त्वाचे प्रोग्राम सर्वाधिकारानिशी चालत. एकाला खिंडार पडलं की अख्खा फोन हातातून गेला. सुरक्षा संशोधकांनी विक्री सुरू झाल्यावर महिन्याभरात सफारीतून हे करून दाखवलं. अशा पायावर कुणाचंही ॲप चालू देणं धोक्याचं होतं. १७ ऑक्टोबर २००७ ला एसडीके, म्हणजे ॲप बनवायचं साहित्य, देण्याची घोषणा झाली, मार्च २००८ मध्ये ते हाती आलं, आणि १० जुलै २००८ ला ॲप स्टोअर सुरू झालं. तोवर प्रत्येक ॲपला स्वतःच्या कुंपणात ठेवायची व्यवस्था झाली होती.

एका वेळी एकच बाहेरचं ॲप चालण्यामागे रॅम होती. १२८ एमबीतला मोठा भाग सिस्टीम आणि ग्राफिक्स खायचे. ॲपच्या वाट्याला उरायचं त्यात संगणकासारखी जादा माहिती डिस्कवर ढकलून जागा करायची सोयही नव्हती. मेमरी संपत आली की सिस्टीम इशारा द्यायची, आणि ऐकलं नाही तर ॲप सरळ बंद. त्या काळात लिहिलेल्या प्रत्येक ॲपमध्ये हा इशारा झेलायची तजवीज करावीच लागायची. माझ्या कोडला त्या शिस्तीने लावलेलं वळण अजून टिकून आहे.

आणि आता ज्या गोष्टींना मी थेट निर्णय म्हणेन त्या. एमएमएस: त्याच नेटवर्कवरचे स्वस्त फोन फोटोचे मेसेज पाठवत होते, पण पहिल्या आयफोनला ही सोय ३.० मध्येसुद्धा मिळाली नाही. व्हिडिओ रेकॉर्डिंग: कंपनीचं कुलूप तोडलेल्या फोनवर लोकांनी ते चालवून दाखवलं, म्हणजे हार्डवेअरला अगदीच अशक्य नव्हतं. ब्लूटूथ होतं, पण त्यावरून फाइल पाठवता येत नव्हती आणि स्टिरिओ हेडफोन चालत नव्हते. फोन संगणकाला जोडला तरी पेनड्राइव्हसारखा वापरता येत नव्हता, गाणी-व्हिडिओ भरायचे तर संगणकावरच्या ॲपलच्या आयट्यून्स या प्रोग्राममधूनच. हेडफोनचं छिद्र इतकं खोलगट की बाजारातल्या बऱ्याच हेडफोनची पिन आत बसतच नसे. वेगळा जोड घ्यावा लागे. बॅटरी आत सोल्डर केलेली. एकाच कंपनीच्या सिमला बांधलेला फोन, तोही पूर्ण किंमत मोजून. यातलं एकही बोटाच्या प्रतिसादासाठी सोडावं लागलेलं नव्हतं. ‘पहिलाच होता, चालायचंच’ ही सबब इथे मला मान्य नाही.

आता आज असा फोन मिळाला तर काय, याबद्दल. त्याची शेवटची आवृत्ती ३.१.३, फेब्रुवारी २०१० ची. त्यापुढची मोठी आवृत्ती, आयओएस ४, त्याच्यावर आलीच नाही. त्याचा रेडिओ फक्त टूजीवर चालतो. एटीअँडटीने आपलं टूजी नेटवर्क २०१७ च्या सुरुवातीला कायमचं बंद केलं, त्यामुळे ज्या नेटवर्कसाठी तो बनला तिथे तो आता फोन म्हणून मुका आहे. टूजी अजून चालू असेल अशा ठिकाणी, फोनचं सिम-कुलूप उघडलेलं असेल तर, कॉल आणि एसएमएस चालतील. वायफायला तो २.४ गिगाहर्ट्झवर जोडला जाईल, पण आजच्या बहुतेक वेबसाइट उघडणार नाहीत, कारण त्या मागतात ते सुरक्षित जोडणीचं नवं तंत्र या ब्राउझरला माहीतच नाही. ईमेलचंही बहुधा तेच होईल. आधी भरलेली गाणी वाजतील, फोटो निघतील, कॅल्क्युलेटर आणि नोंदवही चालेल.

सुरू करण्याआधी फोन सपाट टेबलावर ठेवून बाजूने बघा. काच किंवा मागचं झाकण किंचितही उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. चार्जरला लावू नका, स्वतः उचकटूही नका, दुरुस्ती करणाऱ्याकडून ती काढून घ्या. बॅटरी ठीक असेल तर ३० पिनची केबल लावून थोडा वेळ वाट बघा, पूर्ण उतरलेला फोन लगेच पडदा दाखवत नाही. आणि फोन सुरू होऊन आत कुणाचं जुनं काही दिसलं, तर ‘स्वच्छ करून घेऊ’ म्हणून पूर्ण रिसेट करू नका. रिसेटनंतर ॲक्टिव्हेशनची पायरी नव्याने येते, तिला संगणक, चालणारं सिम आणि कंपनीचा सर्व्हर हे तिन्ही लागतात, आणि तिथे अडकला की त्याचा मुख्य पडदासुद्धा उघडत नाही. नको असलेले फोटो आणि नंबर एकेक करून काढा.